ऑर्डर बाय न लिहिलेली क्वेरी

सुरुवातीलाच माफी मागतो. या सदरात लिहिणारी माणसं वयाने आणि अनुभवाने मोठी असतात, त्यांची भाषाही चांगली असते. मी बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. माझ्यासारख्याने इथे लिहावं की नाही, यातच बरेच दिवस गेले. कुठे काना-मात्रा चुकला तर सांभाळून घ्या.

खरं तर मला हे लिहायचंच नव्हतं. कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी मी ‘एसक्यूएल क्वेरी चांगल्या कशा लिहाव्यात’ (क्वेरी म्हणजे डेटाबेसला माहिती विचारायचा प्रश्न) यावर साध्या मराठीत सूचना लिहायला घेतल्या होत्या. गावाकडून आलेल्या मुलांना इंग्रजी पुस्तकातलं पटकन कळत नाही, मलाही कळत नव्हतं, म्हणून. पहिल्या तीन सूचना लिहून झाल्या. चौथी अशी होती – ऑर्डर बाय, म्हणजे कशाप्रमाणे लावायचं ते, लिहिलं नसेल तर आलेल्या क्रमावर कधीही विश्वास ठेवू नका. तिथे हात थांबला. सूचना बरोबर आहे, कुणी विचारलं तर आजही मी हेच सांगेन. पण ती लिहायला घेतली की मला आमच्या देवळापुढची एक सकाळ आठवते... आणि वाटतं, ते न सांगता नुसती सूचना लिहिणं काही खरं नाही.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. ताम्हिणीच्या वाटेवर चकवा लागतो, अमक्या वडाखाली कोणी तरी उभं दिसतं, हे लहानपणापासून ऐकत आलोय. दरवेळी मला सांगणाऱ्याच्या खिशातली बाटलीच आधी दिसली. आता विश्वास बसला असंही म्हणत नाही. झालं ते झालं तसं लिहितो.

आमची वाडी मुठा गावाच्या पुढे आहे. नाव लिहीत नाही, कारण जे भांडण मिटलंय ते पुन्हा उकरायला नको. मधून ओढा जातो. अलीकडे चढावर वरची आळी, पलीकडे भातखाचरांच्या कडेने खालची आळी. ओढ्याच्या काठावर भैरवनाथाचं देऊळ. मी वरच्या आळीचा. घरात कर्ते नाना, म्हणजे माझे थोरले चुलते. आई खालच्या आळीची लेक. तिचं माहेर आमच्या ओट्यावरून दिसतं – निळ्या पत्र्याचं घर, मामाचं. आई सकाळी भांडी घासायला बसते ती तिकडे तोंड करूनच.

चैत्रात जत्रा असते. संध्याकाळी पालखी निघते आणि प्रत्येक घरापुढे टेकते. घरची बाई खांदेकऱ्यांच्या पायावर पाणी ओतते, ओवाळते. मग पुढच्या घरची माणसं येऊन पालखी आपल्या खांद्यावर घेतात आणि आपल्या दारापर्यंत नेतात. म्हणजे आधीच्या घरी जाऊन पालखी आणायची, अशी रीत. पण घरं रस्त्याने लागतील तशी घेत नाहीत. पालखी वरच्या आळीतली एक-दोन घरं करते, ओढा उतरून खाली जाते, तिथून परत वर चढते. असं का, ते कुणाला माहीत नाही. आणि सगळा क्रम कुणी लक्षातही ठेवला नव्हता, कारण पुढे गेनबाकाका असायचे. गेनबाकाका म्हणजे आमचे गुरव. हातात घंटा घेऊन ते पुढे चालायचे, थांबतील तिथे पालखी टेकायची. बायकांना फक्त आपल्या आधीचं घर ठाऊक. त्या दारात घंटा वाजली की आपण पाण्याचा हंडा बाहेर काढायचा.

मग गेनबाकाकांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, उजवा हात गेला. त्यांना मुलगा नाही. लेक सुमनताई घाटाखाली माणगावला दिलेली, ती त्यांना घेऊन गेली. पुतण्या दत्ता पूजा बघायला लागला, पण दत्ता आधी पिरंगुटला कंपनीत होता, जत्रेच्या दिवशी कधी गावात नसायचा. गेल्या वर्षी पालखी देवळातून बाहेर आली, प्रदक्षिणा झाली आणि प्रश्न पडला – आधी कुणाच्या दारात? नाना म्हणाले, आमच्या. मामा म्हणाला, आमच्या. हलगी, गुलाल आणि गलक्यात इतकी वर्षं पालखी कुठे आधी टेकत आली, हे ज्याला त्याला हवं तसं आठवत होतं. शेवटी पालखी देवळाच्या दारातूनच परत आत नेऊन ठेवली.

मामा आणि दत्ता माणगावला काकांना विचारायला जाऊन आले. काकांच्या डोळ्यांतून नुसतं पाणी आलं.

तेव्हापासून नाना आणि मामा एकमेकांशी बोलले नाहीत. खालच्या आळीने पौडच्या सुताराकडे स्वतःची वेगळी पालखी करायला टाकली, असंही कानावर आलं. यात सगळ्यात जास्त अडकली आई. तिला माहेरी जाऊ नको असं कुणी म्हटलं नव्हतं. पण गेली असती तर परत आल्यावर नानांपुढे भाकरी कशी वाढली असती? मामाच्या नातीचं बारसं झालं. आईने कुंची शिवली होती. ती माझ्या हाती पाठवली आणि आल्यावर मला एवढंच विचारलं, “डोक्याला बसली का?”

वेगळी पालखी झाली असती तर आईचं माहेर कायमचं ओढ्यापलीकडे गेलं असतं. मला बाकी कशाची नाही, तेवढीच काळजी होती.

यंदा जत्रा जवळ आली तशी दत्ताने एक वाट काढली. मला म्हणाला, “निल्या, तू कंप्युटर शिकतुयास. कंप्युटर ना वरचा ना खालचा. तूच क्रम लावून दे, दोगं ऐकत्यात.” मी सुचवलं, ज्या घरात सगळ्यात वयस्कर माणूस ते घर पहिलं, मग त्या खालोखाल. नाना हो म्हणाले, मामाही हो म्हणाला. आपल्याच घरचं म्हातारं माणूस सगळ्यात म्हातारं, असं दोघांनाही वाटत होतं.

मी हिंजवडीजवळ माणमध्ये खोली घेऊन राहतो. घरमालकांचा पूर्वी गोठा होता त्या जागेवर आता तीन मजले आहेत आणि आम्ही पोरं राहतो. शेजारच्या खोलीत परभणीचा अनंतदादा. तो हिंजवडीत डेटाबेसचं काम करतो. कॉलेजात मला जे वर्षभर कळलं नाही ते दादाने गच्चीत कपडे वाळत घालता घालता शिकवलं. सिलेक्ट स्टार लिहिलेलं दिसलं की तो म्हणायचा, “हाटेलात जाऊन कार्डावरचं सगळं आण म्हणायलास का? भूक कशाची आहे ते सांग.” म्हणजे लागतील तेवढेच रकाने मागायचे. डिलीट लिहायच्या आधी तीच अट लावून सिलेक्ट चालवायचं – “कुणाला उडवायलास त्यांची तोंडं आधी बघून घे.” या झाल्या माझ्या पहिल्या दोन सूचना.

तिसरी सूचना याच कामात मिळाली. मी दोन टेबलं केली होती – एकात घरं, दुसऱ्यात माणसं आणि त्यांची वयं. दोन्ही जोडून घरागणिक सगळ्यात वयस्कर माणूस काढायचा होता. क्वेरी चालली, घरं आली, ज्या क्रमाने मी ती भरली होती त्याच क्रमाने. आधी वरची आळी या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग खालची. मी खुशीत दादाला दाखवलं. त्याने पडद्याकडे नीट बघितलंही नाही.

“टेबलात घरं किती आणि इथं आली किती?”

मोजलं तर कमी होती. बंद घरं गळाली होती. दादाने समजावलं, की साधा जॉईन दोन्ही टेबलांत सापडेल त्यालाच घेतो. ज्या घराचं माणसांच्या टेबलात कुणीच नाही, ते घर गुपचूप सुटतं. एरर येत नाही, लाल अक्षरं येत नाहीत. अशा वेळी लेफ्ट जॉईन लावायचा, म्हणजे माणूस नसला तरी घर राहतं.

बंद घरांमध्ये एक रामजीबुवांचं होतं. ते तर घरही नाही. रामजीबुवा माझ्या जन्माच्या आधीच जमीन विकून गेले. देवळाच्या मागच्या अंगाला नुसतं जोतं उरलंय, आणि त्याला लागून कुणा पुण्याच्या माणसाच्या शनिवार-रविवारच्या बंगल्याचं कुंपण आहे. मी ते घर टेबलात घेणारच नव्हतो. आईने घ्यायला लावलं. म्हणाली, “जोतं हाय ना? मग घर हाय.”

त्या रविवारी दुपारी मी खोलीवर बसून क्वेरी बदलली. जेवण झालं होतं, दादा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. जॉईन बदलला, चालवून पाहिली. सगळी घरं आली. क्रम मात्र काही तरी वेगळाच होता, वरची-खालची आळी मिसळलेली. मला त्याचं काही वाटलं नाही. जॉईन बदलला की आतली चाल बदलते, हे दादाने सांगितलेलं होतं. आता शेवटच्या ओळीत ऑर्डर बाय लिहून वयाप्रमाणे लावायचं, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात दत्ताचा फोन आला. उद्या सकाळीच सगळे देवळात बसणार आहेत, कागद घेऊन ये. बोलत बोलत मी फाईल सेव्ह केली आणि लॅपटॉप मिटला.

ती ओळ राहिली ती राहिलीच.

सकाळी माणच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढली, लॅपटॉप पाठीवर टाकला आणि मोटरसायकलने गावी आलो. देवळापुढे दोन्ही आळ्यांची माणसं बसली होती, मध्ये बरीच जागा सोडून. बाजूला झाडाच्या सावलीत बायका चिंच लावून जत्रेची समया-तबकं घासत होत्या. आईही होती. मी उभा राहून कागद उघडला आणि मोठ्याने वाचलं, “पहिलं घर – रामजीबुवांचं.”

माणसं हसली. नाना म्हणाले, “तितं घर कुटं हाय? बंगलेवाल्याचं कुत्रं हाय. त्याला वतू का पानी?”

मी कागदाकडे बघत राहिलो. वयाप्रमाणे लावलं असतं तर ज्या घरात माणूसच नाही ते सगळ्यात शेवटी जायला हवं होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. कान गरम झाले. इतक्या माणसांनी भरवसा टाकला आणि मी शेवटची ओळच विसरलो. मी खरं काय ते सांगून टाकलं. हा क्रम म्हणजे क्रमच नाही, यंत्राला जशी घरं सापडली तशी त्याने टाकली, उद्या चालवलं तर वेगळी येतील. पाच मिनिटं द्या, नीट करून देतो.

“दुसरं कुनाचं हाय?”

हे विचारलं भागूआजीने. ती एकटी राहते, देवळाच्या मागेच. हातातली समई तिने खाली ठेवली होती.

“आजी, हे चुकीचं आहे, मी परत...”

“आसूंदे चुकीचं. वाच.”

दुसरं तिचंच होतं. मी वाचलं. ती म्हणाली, “व्हय. रामजीच्या जोत्यापाशी घंटा वाजली की मी हंडा भायेर काडते.”

तिसरं वाचलं. तबक घासणारी एक काकू मान वर न करता म्हणाली, “आमच्या आदी भागूआत्याचंच.” चौथं ओढ्यापलीकडचं होतं. तिथली सून म्हणाली की हो, वरून घंटा ऐकू आली की सासूबाई हंडा काढायला सांगायच्या. मी एकेक घर वाचत गेलो आणि एकेक बाई हो म्हणत गेली. कुणालाच सगळा क्रम माहीत नव्हता. प्रत्येकीला आपल्या आधीचं एकच घर माहीत होतं, आणि ते बरोबर निघत होतं. घासण्याचा आवाज कधी थांबला ते मला कळलं नाही.

मधल्या भागात मामाचं घर आलं. मामी नव्हती, पण मामा स्वतःच म्हणाला, “आमच्या आदी किसनाचं... व्हय, आसंल.” त्याच्या खालचं नाव बघून मी थांबलो. ते आमचं होतं.

वाचलं.

नानांनी आमच्या काकूकडे पाहिलं, पण काकू गुडघ्यांमुळे कित्येक वर्षं हंडा उचलत नाही. पाणी आईच ओतते. सगळ्यांना ते माहीत होतं, आणि सगळे आईकडे बघायला लागले. आई नानांसमोर, चारचौघांत कधी बोललेली मला आठवत नाही. तिने चिंचेचे हात पदराला पुसले.

“आमच्या आदी आप्पाचं घर,” ती म्हणाली. आप्पा म्हणजे मामा. “माज्या माहेरी घंटा वाजली की मी हंडा काडते. लगीन झाल्यापास्नं तसंच हाय.”

“मग वरीसभर बोलली का न्हाईस?” नानांनी विचारलं. रागाने नाही.

“म्हायेराची म्हनून बोलती, आसं झालं आसतं.”

नाना खाली बघायला लागले. मामाने भागूआजीकडे मोर्चा वळवला, बहुतेक दुसरीकडे बघायचं म्हणून. “काकू, आन् तू गं? जोत्याचं तुला ठावं व्हतं तर गप का बसलीस?”

“इचारलं कुनी?” आजी म्हणाली. बायका हसल्या. मग तिने सांगितलं, की गाव सोडताना रामजीबुवांची बायको तिला म्हणाली होती, माझ्या वाटणीचा तांब्या तू ओतत जा. आजी दरवर्षी जोत्यावर तांब्याभर पाणी ओतते. पहिला मान त्या घराचा. प्रदक्षिणेत देवळामागे गेनबाकाका थांबायचे ते तिथे. खांदा बदलायला थांबलेत, असं बाकीच्यांना वाटायचं. “मला माजं तेवडं ठावं,” ती म्हणाली. “फुडचं समदं गेनबाला.”

म्हणजे पहिले नानाही नव्हते आणि मामाही नव्हता.

नाना सहजासहजी मानणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी मला जवळ बोलावलं. “कंप्युटरला ह्ये कुनी सांगितलं?”

“कुणीच नाही, नाना. मी ओळ विसरलो.”

“तू म्हनलास दुसऱ्यांदा वायलं येतंय. मग बदलून दाव.”

मी देवळाच्या पायरीवर लॅपटॉप उघडला. दत्ता आणि मामा मागे उभे राहिले. घरांचं टेबल रिकामं केलं – दादाचं ऐकून आधी सिलेक्ट चालवूनच – आणि या वेळी उलटं भरलं, खालच्या आळीच्या टोकापासून सुरू करून, सगळ्यांना नवे नंबर देऊन. मनातून मला वाटत होतं, क्रम बदलावा. म्हणजे दादाने शिकवलं ते खरं ठरलं असतं. क्वेरी चालवली. दत्ता मागून कागदाशी ताडत होता.

“रामजीबुवा,” तो म्हणाला. “भागूआजी...” मग वाचायचा थांबला.

नाना म्हणाले, “ऱ्हाऊंदे आता. मीट ते.”

माणला परत गेल्यावर मी सगळं दादाला सांगितलं. तो हसला नाही, पण त्याने मानलंही नाही. म्हणाला, सारखा तोच क्रम येणं यात विशेष काही नाही, डेटाबेस आतून कुठला तरी एक रस्ता धरतो आणि तोच धरून राहतो. मी म्हटलं, पण तो रस्ता पालखीचा कसा? त्याने माझ्या फाईल घेतल्या, स्वतःच्या लॅपटॉपवर वेगळ्या कंपनीचं डेटाबेस सॉफ्टवेअर होतं त्यात भरल्या. क्वेरीपुढे एक्सप्लेन लिहून चालवली – तसं केलं की क्वेरी आत काय काय करणार ते दिसतं. त्यात आमच्या ओढ्यासारखं वर-खाली काहीही नव्हतं. मग नुसती क्वेरी चालवली. रामजीबुवा, भागूआजी, आणि तसंच पुढे.

दादा बराच वेळ स्क्रोल करत बसला. “घरांच्या नावात आहे का काही? आडनाव, अक्षरं?” नव्हतं. “घरपट्टीच्या पावतीच्या नंबराने भरलं होतंस का?” तसंही नव्हतं. मी आईला फोन करून विचारलं, तू मला घरं सांगताना पालखीच्या क्रमाने सांगितलीस का? ती म्हणाली, “मला आपल्या आदीचं एकच ठावं. बाकीचं मी काय सांगनार?”

“हे बघ,” दादा शेवटी म्हणाला, “मी तुला एवढंच सांगायलो. इथून पुढं ऑर्डर बाय लिहायला विसरू नको.” आणि लॅपटॉप बंद करून चहा ठेवायला उठला. नंतर त्याने तो विषय काढला नाही.

जत्रेच्या संध्याकाळी दत्ता घंटा घेऊन पुढे चालला. त्याच्या दुसऱ्या हातात माझा झेरॉक्सचा कागद होता, गुलालाने लाल झालेला. देवळामागे जोत्यावर पालखी पहिल्यांदाच उघडपणे टेकली आणि भागूआजीने तांब्या ओतला. बंगल्याचं कुत्रं कुंपणातून बघत होतं, भुंकलं नाही. पुढे घरामागून घर होत गेलं. मामाच्या दारात घंटा वाजली तेव्हा मी आमच्या ओट्यावर होतो. आईने हंडा बाहेर आणला. माझे वडील आणि नाना पालखी आणायला ओढा उतरून मामाच्या दारात गेले होते. रीतच तशी आहे, आधीच्या घरी जाऊन खांद्यावर घ्यावी लागते. तिथे ते काय बोलले मला माहीत नाही. पण पालखी वर चढून आली तेव्हा पुढच्या दांड्याला एका बाजूला नाना होते आणि दुसऱ्या बाजूला मामा. त्याने आपल्या दारात खांदा सोडलाच नव्हता. आईने दोघांच्या पायांवर पाणी ओतलं. जरा जास्तच ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मामाकडे गेली, बारशाला न पाहिलेली नात बघायला. मी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. सहज ती क्वेरी परत चालवली. काही बदललं नव्हतं, तीच फाईल, तीच टेबलं. घरं आली ती मी देवळात भरली होती त्या क्रमाने – खालच्या आळीच्या टोकापासून सरळ, एकामागून एक. परत चालवली. तेच. त्यानंतर आजपर्यंत किती तरी वेळा चालवून पाहिली, पालखीचा क्रम पुन्हा आला नाही. दादाच्या लॅपटॉपवरही नाही. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. योगायोग म्हणावा तर इतकी घरं एकापुढे एक बरोबर लागली, आणि दुसरं काही म्हणावं तर मला ते म्हणता येत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला डेटाबेसमधलं जास्त कळत असेल तर जरूर सांगा. मला खरंच समजून घ्यायचं आहे. चौथी सूचना मात्र मी भित्तिपत्रकात आहे तशीच लिहिली.

त्या सकाळी मी पडद्याकडे बघत बसलो असतानाच दत्ता आला. एरवी तो येतो तो सरळ ओट्यावर चढून मांडी घालून बसतो. त्या दिवशी खाली अंगणातच उभा राहिला. डोकं ओलं होतं, पायात काही नव्हतं.

“ये की वर,” मी म्हटलं.

“न्हाई. वर येत न्हाई.” मग म्हणाला, “सुमनताईचा फोन आलता. काका गेले.”

मी उठून उभा राहिलो. आज सकाळी का, असं विचारलं.

दत्ता म्हणाला, आज नाही. जाऊन आठवडा झाला. तिने तिथेच सगळं उरकलं आणि मुद्दाम कळवलं नाही. कळवलं असतं तर दत्ताला सुतक लागलं असतं, देवाला हात लावायला दुसरं कुणी नाही, यंदाही पालखी राहिली असती. पालखी देवळात परत येऊस्तवर थांबायचं, असं तिने ठरवलं होतं. आधी तो तिच्यावर चिडला, भावकीला न सांगता कसं केलंस म्हणून. मग आंघोळ करून इकडे आला.

“कधी गेले?” मी विचारलं.

“रविवारी,” दत्ता म्हणाला. “दुपारची जेवनं झाल्यावर.”